पायरीएवढी मोटार

गोदूआक्काच्या पत्राला आपण उत्तर पाठवलं नाही, ही गोष्ट रावजी मास्तरांना रोज एकदा तरी आठवायची, आणि ती नेमकी वाचताना आठवायची. कारण ते पोस्टकार्ड त्यांनी पुस्तकात खुणेसाठी ठेवलं होतं. एक पुस्तक संपलं की कार्ड दुसऱ्यात जाई. असं ते बऱ्याच पुस्तकांतून फिरलं होतं आणि त्याचे कोपरे कापडासारखे मऊ पडले होते. आक्काला लिहिता येत नव्हतं. उमरठच्या कुणीतरी ते लिहून दिलं होतं, आणि लिहिणाऱ्यानं आक्काचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. ‘मी आता ओटी उतरत नाय. तू येऊन जा. येणार नसशील तर तसं लिही, म्हंजे मी वाटेकडं बघायची सोडीन.’ एवढंच. महाडच्या शाळेत मास्तरांनी उभा जन्म पोरांना पत्रलेखन शिकवलं. पत्र मिळताच उत्तर द्यावे, हे वाक्य त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि आता येतो म्हणून लिहावं तर ते खोटं ठरेल, येत नाही म्हणून लिहावं तर तिकडे उमरठला एक म्हातारी बाई वाटेवरची नजर काढून घेईल, या दोहोंच्या मध्ये त्यांची लेखणी वाळून गेली होती.

जावंसं वाटत नव्हतं असं नाही. गेल्या दिवाळीनंतर ते निघालेही होते. सर्विस मोटारीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले, धुतलेला कोट, बगलेत पुस्तक, हातात बोरीची काठी. मोटारीची पायफळी त्यांच्या मांडीला लागत होती. डावा खुबा निकामी झाल्यापासून त्यांचा पाय ठराविक उंचीच्या वर उठत नसे. घरची पायरी तेवढी तो चढे, कारण ती पायरी त्याच्या सवयीची होती. मास्तर पायफळीकडे बघत राहिले. मागची माणसं खोळंबली. मग कुणीतरी मागून काखेत हात घातले, कुणीतरी वरून मनगटं धरली, आणि ‘चढवा रे हे पार्सल!’ असं कुणीतरी म्हणालं. वाईट बुद्धीनं म्हणाला नसेल. लोक हसले तेही वाईट बुद्धीनं नसतील. पण अधांतरी असताना मास्तरांच्या धोतराचा कासोटा सुटला आणि पुस्तक खाली पडून त्याची पानं वाऱ्यावर फडफडली, आणि त्या फडफडीकडे वरून बघताना त्यांना वाटलं की आपण माणूस नाही, सामान आहोत. ते तसेच खाली उतरले, काहीतरी विसरलं असं पुटपुटले आणि घरी आले. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. पत्रात तर ती कशी लिहिणार? म्हाताऱ्या माणसानं लिहावं असं त्यात काय होतं? रात्री अंथरुणावर मात्र काखेत ते परके हात पुन्हा येत, आणि मास्तर अंग आक्रसून घेत.

म्हणून चैत्रातल्या त्या दुपारी दारात भोंगा वाजला आणि आक्काचा मुलगा सयाजी ‘मामा, हायसा का घरात?’ म्हणत अंगणात आला, तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा काय केलं तर पुस्तक मिटून ते कार्ड आत सारलं. सयाजी मुंबईला एका शेटजींचा ड्रायव्हर होता. शेटजींनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी टूरर त्यानं पडत्या किमतीत उचलली आणि बायकोला घेऊन तो पोलादपूरला आला. आता तो लग्नाची वऱ्हाडं आणि बाजाराची माणसं नेआण करी. अंगानं भरलेला, बोलण्यात मुंबईचं हिंदी मिसळलेला. त्याच्या मागून त्याची बायको बनू आली. ती सडसडीत, काटक, पदर खोचलेला, आणि तोंडाची फटकळ. मुंबईला गॅरेजच्या माडीवर त्यांची खोली होती. खाली दिवसभर मोटारी खोलत आणि जोडत, आणि बनू जिन्यात तांदूळ निवडत ते बघे. बघता बघता तिला ते येऊ लागलं. तिनं ते कुणापासून लपवलंही नाही आणि त्याची लाजही धरली नाही.

‘बघा तरी मामा बाहेर येऊन,’ ती म्हणाली. ‘तुमच्या भाच्यानं गाडीची म्हस केली. पार बसली खाली.’

मास्तर दारात आले. मोटार त्यांनी आधी पाहिली होती. उंच चाकांवर ताठ उभी राहणारी, जरा गर्विष्ठ वाटणारी. आज ती निराळीच दिसत होती. चाकं तीच, पण अंग चाकांच्या मध्ये उतरलं होतं, आणि पायफळी जमिनीपासून जेमतेम वर होती. मास्तरांना एकदम वाटलं की ही ऐकायला खाली वाकली आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. पुस्तकं वाचून वाचून आपल्याला दिसेल त्यात उपमा दिसते, वस्तू दिसत नाही.

‘पोलादपूरच्या लोहाराकडून स्प्रिंगचे पाटे उतरवून घेतले,’ सयाजी सांगू लागला. ‘पाट्याची कमान असते ना मामा, ती बसवली. वरनं पायफळी आणखी खाली बांधली. लोहार म्हणाला, येडा झालास काय, लोक गाडी उंच करतात या रस्त्याला! मी म्हटलं, तू ठोक.’

‘पण कशासाठी रे?’

सयाजीनं बनूकडे पाहिलं. ‘आईसाठी,’ तो म्हणाला. ‘तिला दवाखान्यात न्यायची झाली तर.’

‘आणि उमरठची ती वाट? धोंडे किती तिथं.’

‘सगळे काढले.’ हे सांगताना त्याची छाती फुगली. ‘बनू नि मी, दोघांनी. पहारीनं. पोलादपूरपासनं ओटीपर्यंत वाट हातासारखी केलीय. उद्या तुम्हाला घेऊन जायचं, आईनं सांगितलंय. पण आधी ऑईल बदलू. इथं तुमच्या मागच्या खाचरात बांध हायत, तसे आमच्याकडं नायत.’

मास्तर उद्या या शब्दापाशीच अडले. पायफळी खाली आली होती खरी, पण दार, बैठक, मध्ये वाकणं, त्यात खुबा अडकला तर? पुन्हा हात. या वेळी स्वतःच्या माणसांचे, आणि ते जास्त वाईट. नाही म्हणायला कारण शोधत ते मागच्या दारात पाटावर जाऊन बसले, मांडीवर पुस्तक उघडं ठेवलं, आणि पान उलटायचं विसरून समोर बघत राहिले.

मागचं भाताचं खाचर कोरडं पडलं होतं. त्यात दोन बांध जवळजवळ समांतर होते. सयाजीनं मोटार हळूहळू मागे घेत चारी चाकं त्या बांधांवर चढवली. एका बाजूची एकावर, दुसऱ्या बाजूची दुसऱ्यावर. बनू पुढे उभी राहून हातानं खुणा करत होती, ‘ये, ये, अगदी नवरीसारखी ये, आता बस्स!’ आणि मग मधल्या खळग्यात ती पाठीवर आडवी झाली आणि मोटारीखाली सरकून दिसेनाशी झाली. गाडी इतकी बसली होती की सयाजीचं पोट तिथं मावणं शक्यच नव्हतं.

‘गाडी उतरवली यानं आणि खाली घुसायचं मी,’ खालून आवाज आला. ‘भात जरा कमी खा म्हटलं तर रुसतो.’

‘मामासमोर कशाला काढतेस गो!’

‘मामानं बघितलं नाय काय तुझं पोट?’

मास्तर हसले. इंजिन चांगलं तापवून घेतलं होतं, कारण गरम ऑईल पातळ होऊन सगळा गाळ घेऊन येतं, असं सयाजीनं सांगितलं. खालून पान्याचा आवाज आला, मग बनूचा हुंकार, आणि मग लोखंडी घमेल्यात पडणारी धार. काळीभोर, जाड, चकाकणारी. मास्तरांना आजोळचा तेलघाणा आठवला. बैल फिरतोय, लाट करकरतेय, आणि नळीतून तिळाच्या तेलाची धार खाली येतेय, आणि आक्का, तेव्हा परकरातली, त्या धारेखाली बोट धरून ते बोट त्यांच्या ओठाला लावतेय. ऊन, गोडसर, जडसं तेल. ‘चाट रे, अंगाला लागेल.’ आक्का पुढे, ते मागे, असंच सगळं बालपण गेलं. ओढा ओलांडताना ती त्यांना पाठुंगळी घेई. तेव्हा उचलून घेण्यात लाज नव्हती. ती लाज कुठून आली? कोट घातल्यापासून? पुस्तकं वाचल्यापासून? की उचलणारे हात बदलले म्हणून?

बनू बाहेर आली. केसांना माती, गालावर काळा ओघळ. तिनं घमेल्यातलं ऑईल बोटांवर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, उन्हात धरलं, नाकाशी नेलं. सोनारानं कस बघावा तसं. ‘कचकच नाय,’ ती म्हणाली. ‘इंजिन अजून सोनं हाय. पेट्रोलचा वास मारतोय जरा.’ मग तिनं खालच्या बुचाची चामड्याची चकती बदलली. जुन्या चपलेची कापून आणली होती, तेलात भिजवून मऊ केलेली. बूच घट्ट बसवलं. नवं ऑईल डब्यातून धुवट धोतराच्या फडक्यातून गाळून ओतलं, मधासारखं, सावकाश, आणि पट्टी बुडवून किती आलंय ते बघताना दोघं नवराबायको अशी डोक्याला डोकं लावून वाकली की मास्तरांनी नजर पुस्तकाकडे वळवली. शेजारचा सोनबा गाडीवान तेवढ्यात कुंपणावरून डोकावला.

‘ते काळं टाकणार काय?’

‘टाकतोय कशाला?’ बनू म्हणाली. ‘वंगणाला हवं ना तुला? घेऊन जा. पण उरलेलं मामाच्या दाराच्या चौकटीला लावायचं, वाळवी लागलीय.’

‘बाई माणूस मोटारीखाली झोपते, काय दिवस आले!’

‘तू झोप. बैलाखाली. बघ जमतं काय.’

सोनबा हसत हसत मडकं आणायला गेला. बनूनं खरोखरच कुंच्यानं चौकट तेलानं पुसून काढली. मास्तर बघत होते. या मुलीच्या हाताला काहीच टाकाऊ वाटत नाही, असं त्यांच्या मनात आलं. चपलेचं चामडं, काळं तेल, शेताचा बांध. आपण मात्र स्वतःला केव्हाच टाकाऊत काढून बसलो. पण लगेच त्यांना शंका आली, की हे कौतुक खरं आहे, की उद्याचा विचार टाळण्याची ही आपली एक युक्ती आहे?

सकाळी ते तयार झाले. आजारी पडण्याचा विचार त्यांनी केला होता, पण पोटदुखीचं सोंग त्यांना जमणारं नव्हतं. बाजारचा दिवस, आळीत कुणी नव्हतं, एवढं एक बरं होतं. मोटार दारात उभी होती, हूड खाली पाडलेलं. मास्तर काठी टेकत गेले. सयाजी हात द्यायला पुढे झाला, तेव्हा बनूनं त्याला कोपरानं मागे सारलं आणि उगाचच नारळाची शेंडी सोलायला लागली. दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हते. मास्तरांनी दाराची कड धरली, डोळे किंचित मिटले आणि पाय उचलला.

पाय पायफळीवर पडला. अडला नाही, शोधला नाही. जसा रोज घरात शिरताना पडतो तसा पडला. दुसरा पाय आपोआप मागून आला, कंबर वळली आणि ते बैठकीवर बसलेले होते. त्यांना काही कळायच्या आत अंगाला कळलं होतं. ही उंची त्या पायाच्या ओळखीची होती. त्यांनी वळून घराकडे पाहिलं. ओटीची ती एकच दगडी पायरी, मध्ये झिजलेली. मग पायफळीकडे पाहिलं. आणि त्यांना शिमग्यातली सकाळ आठवली. बनू भाजीचा कोवळा फणस द्यायला आली होती आणि पायरीपाशी उकिडवी बसून सुतळीला गाठ मारत होती. काय गो करतेस, असं त्यांनी विचारलं होतं. ‘काय नाय मामा, रांगोळीचं माप घेते.’ फणसाच्या दिवसांत कसली रांगोळी, हे त्यांच्या तेव्हा मनातही आलं नव्हतं.

म्हणजे यांना माहीत होतं. थांब्यावरचं सगळं कुणीतरी पोलादपूरला पोचवलं होतं. कासोटा, पुस्तक, पार्सल. मास्तरांचे कान तापले. आणि तरी त्या तापण्याच्या खाली दुसरं काहीतरी हलत होतं, ज्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. कुणीतरी आपल्या लाजेची उंची सुतळीनं मोजली होती, आणि न बोलता तेवढं लोखंड वाकवलं होतं.

बनूनं मोटारीपुढे रस्त्याच्या मध्यावर धोंडा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाणी चाकांवर शिंपडलं. नारळाचा धोंडा हलवायचा नसतो; गाडीनं तो पोटाखालून घालून पुढे जायचं, मग वाट लाभते. वऱ्हाड घेऊन निघताना प्रत्येक फेरीला ते तसंच करत आले होते. ती मागे येऊन बसली, सयाजीनं हँडल मारलं, आत चढला, आणि मोटार हळूच पुढे सरकली.

खालून असा आवाज आला की मास्तरांच्या दाढांत कळ गेली. मोटार थबकली. मग बनू कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अगो माझे आई! धोंडा!’

सयाजी तिच्याकडे बघत राहिला. ‘साऱ्या वाटेतले धोंडे काढले,’ तो हळू म्हणाला, ‘आणि दारातला एक आपल्या हातानं ठेवला.’

‘मी ठेवला. तू बघितलास ना? तुझे डोळे काय ताकात पडले होते?’

‘मी नमस्कार करत होतो!’

बनू तोवर जमिनीवर पालथी पडून खाली बघत होती. बूच पिळवटून निघालं होतं. मधासारखं ऑईल, जे काल फडक्यातून गाळून घातलं होतं, ते कुंकवाच्या रस्त्यावर वाहत होतं. आणि मास्तरांच्या मनात सगळ्यांत आधी काय आलं, तर सुटलो. आता जाणं नको. कुणाचा दोष नाही, देवाचीच इच्छा नाही. पत्रातही हे लिहिता येईल. ‘राहू दे रे,’ असं ते म्हणणारच होते. शब्द ओठावर होते. पण धार पडतच होती, आणि काल आठवलेली घाण्याची ती धार, तो परकर, ते बोट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आक्का ओटीवर बसून त्या हातासारख्या केलेल्या वाटेकडे आत्ता, या घटकेला, बघत असेल.

सयाजीनं जॅक लावून गाडीची पलीकडची बाजू उचलली, धोंडा बाहेर ओढला आणि चाकांखाली ठोकळे सारले. बनूनं घमेलं पुढे ढकललं आणि हात आत घालून भोक दाबलं. ‘कुणीतरी हितं अंगठा धरा. मला खुंटी तासायला दोन्ही हात हवेत. याची मनगटं शिरायची नायत.’

आळीत कुणी नव्हतं. मास्तर मोटारीतून उतरले; पुन्हा ती पायरी, पुन्हा तो ओळखीचा पाय. चढणं त्यांना जमत नव्हतं, पण आडवं होणं जमत होतं. धुतलेल्या कोटासकट ते रस्त्यावर कुशीवर झाले आणि आपला लांब, हाडकुळा, फक्त खडू आणि टाक धरलेला हात खाली घातला. बनूनं त्यांचा अंगठा धरून भोकावर टेकवला. ऑईल कोमट होतं. वासराच्या तोंडात बोट द्यावं तसं ते अंगठ्याला लुचत होतं, आणि मास्तर दाबून धरत होते. वरती लोखंडाचं मोठं पोट होतं, कानाशी माती होती, मनगटावरून धार कोपराकडे येत होती. आपण निसटू देणार, असं त्यांना दर क्षणाला वाटत होतं, आणि दर क्षणाला ते निसटू देत नव्हते.

‘लाकूड कुठलं घेऊ?’ बनू इकडेतिकडे बघत होती. ‘सुकं पाहिजे, चिवट पाहिजे.’

‘माझी काठी घे,’ मास्तर मातीतून म्हणाले.

‘नको मामा.’

‘बोरीची आहे. टोकाकडे निमुळती आहे. घे म्हणतो ना. अंगठा बधिर होतोय माझा.’

तिनं काठीचं टोक करवतलं, कोयत्यानं तासलं, फडकं गुंडाळलं, त्यावर साबण चोळला. खाली सरकून तिनं मास्तरांचा अंगठा बाजूला केला आणि खुंटी ठोकली. थेंब आला, लोंबला, आणि थांबला. घमेल्यातलं ऑईल पुन्हा गाळून आत गेलं, कमी पडलं ते डब्यातलं आलं. ‘पोलादपूरच्या लोहारापर्यंत बास,’ ती म्हणाली. मग तिनं आखूड झालेली काठी मास्तरांच्या हातात दिली आणि तिला हसू फुटलं. ‘काठी पण उतरवली तुमची!’

मास्तरही हसले. काठी टेकून पाहिली. जरा वाकावं लागत होतं, पण उभं राहता येत होतं. सयाजी त्यांच्या कोटाकडे बघून हळहळला, ‘मामा, कोट खलास.’ ‘असू दे,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. मग त्यांनीच काठीच्या आखूड टोकानं तो कुंकवाचा धोंडा ढकलत ढकलत गटाराकडे नेला. बनूनं जीभ चावली, पण अडवलं नाही.

पोस्टापाशी आल्यावर त्यांनी सयाजीच्या खांद्याला हात लावला. ‘थांब जरा.’ आत जाऊन त्यांनी कार्ड घेतलं. फळीवरच्या टाकानं उभ्याउभ्याच लिहिलं. किती दिवस मनात जुळवलेल्या त्या लांबलचक, सगळ्या बाजू राखणाऱ्या वाक्यांतलं एकही आलं नाही. ‘आक्का, मी येतोय. रावजी.’ लिहिताना अंगठ्याचा ठसा कार्डावर उमटला, काळा, रेषान् रेष दिसणारा. दुसरं कार्ड घ्यावं का, असा विचार आला आणि गेला.

बाहेर बनू मोटारीतून वाकून बघत होती. ‘कुणाला पत्र?’

‘आक्काला.’

‘आता तिथंच चाललाव ना मामा? आपण सांजेला पोचू, कार्ड कधी पोचेल कोण जाणे. तोंडानं सांगा की.’

‘तिनं लिहून मागितलंय,’ मास्तर म्हणाले. त्यांनी कार्ड पेटीच्या फटीत धरलं, क्षणभर धरूनच ठेवलं, आणि सोडलं. आत ते पडल्याचा बारीक आवाज आला. मग ते वळले, आखूड काठी टेकत मोटारीपाशी आले आणि कुणाकडेही न बघता पायरी चढले.